नदीचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी एक म्हण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हण लहान असली तरी तिच्यातील समज मोठी आहे. माणसाची योग्यता त्याच्या कर्तृत्वावरून ठरवावी, जन्मावरून नव्हे, हा तिचा आशय. महाभारतातही हा विचार येतो. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याचे कूळ विचारतात आणि त्या तेजस्वी तरुणाची मान खाली जाते. पुढे भीम त्याला सूतपुत्र म्हणून हिणवतो, तेव्हा दुर्योधन उत्तर देतो की, शूरांचे आणि नद्यांचे उगम सहसा कळत नसतात. हे बोल दुर्योधनाच्या तोंडचे आहेत, म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

परंतु ही म्हण नेमकी कोणाला उद्देशून आहे, याचा विचार क्वचितच होतो. ती काठावर उभे राहून नदीकडे पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी उगाच चौकशी करू नये, एवढेच ती सांगते. तू स्वतःचा उगम जाणून घेऊ नकोस, असे तिने नदीला कधीच सांगितलेले नाही. दुसऱ्याने विचारू नये ही एक गोष्ट आणि ज्याचे त्याला कळू नये ही अगदी वेगळी गोष्ट. दत्तक गेलेल्या मुलांच्या बाबतीत समाजाने या दोन गोष्टींची फार काळ गल्लत केली. लोकांच्या तोंडाला झाकण असावे म्हणून जी गुप्तता पाळली गेली, तीच गुप्तता मोठ्या झालेल्या त्या मुलांच्या वाटेतही आडवी आली.

भिलाईसारख्या गावात या प्रश्नाला एक वेगळीच धार येते. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातले हे शहर पोलादाच्या कारखान्याभोवती वसले. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. आंध्रातून, केरळातून, बंगालातून, पंजाबातून, आणि अर्थातच विदर्भातून. मराठी माणसाला हा मुलूख नवा नव्हता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य रतनपूरपर्यंत पोचले होते आणि १९५६ पर्यंत दुर्ग ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. अशा या शहरात सेक्टरमधल्या दोन शेजाऱ्यांची ओळख होते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मूळचे कुठले? त्यात खोचकपणा नसतो. सगळेच कुठून तरी आलेले असल्यामुळे हा प्रश्न म्हणजे आपुलकीची सुरुवात असते. कोणी अकोला सांगतो, कोणी विजयवाडा, कोणी जालंधर. ज्यांनी ते गाव उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिले आहे, तीही मुले त्याचे नाव न अडखळता सांगतात.

अशा शहरात वाढलेली एक मुलगी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. तिचे आईवडील मराठी आहेत आणि त्यांनी तिला ती काही महिन्यांची असताना दत्तक घेतले आहे. ती लहान असतानाच त्यांनी तिला हे सांगितले आहे. शेजारीपाजाऱ्यांकडून कळण्यापेक्षा ते आपल्याकडून कळावे, एवढा शहाणपणा त्यांनी दाखवला आहे. घरात तिला कशाची उणीव नाही. तरीही अठराव्या वर्षाच्या आसपास तिच्या मनात काही प्रश्न उभे राहतात. ते फार मोठे नसतात. दाखल्यावरची जन्मतारीख खरी आहे, की डॉक्टरांनी वयाचा अंदाज घेऊन लिहिलेली? पहिले नाव कोणी ठेवले? आणखी भावंडे आहेत का? आरशात दिसणारे हे नाक, हे कपाळ कोणासारखे आहे? इतर मुलांना या प्रश्नांची उत्तरे न विचारताच मिळालेली असतात. आत्या किंवा मावशी आली की ती आपणहून सांगते, ‘हिचे नाक अगदी आजीसारखे.’ या मुलीच्या बाबतीत तो विषय निघाला की घरात क्षणभर शांतता पसरते.

काही प्रश्न केवळ मनाचे नसतात. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, ‘घरात कोणाला मधुमेह? हृदयविकार? कर्करोग?’ विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याची तपासणी रक्तावरून होते, त्यामुळे तेथे कुटुंबाची माहिती नसली तरी मार्ग निघतो. परंतु असे अनेक आजार आहेत की ज्यांच्याबाबत मागच्या पिढीचा इतिहास हाच पहिला इशारा असतो. ज्याच्यापाशी तो इतिहास नाही, त्याच्या कागदावर ‘माहीत नाही’ एवढेच लिहिले जाते.

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. प्रत्येक रुळाच्या कडेवर उठावदार अक्षरांत कारखान्याची खूण, रुळाचा प्रकार आणि तो घडवल्याचा महिना व वर्ष असते. शिवाय पोलादाच्या ज्या घाण्यातून तो रूळ निघाला, त्याचा क्रमांकही तापलेल्या धातूवर ठोकलेला असतो. कारखान्यात त्याला ‘हीट नंबर’ म्हणतात. उद्या दूर कोठे तो रूळ तडकला, तर तो कोणत्या घाण्यातला, त्या घाण्याचे पोलाद कसे होते, हे मागे जाऊन पाहता यावे म्हणून ही काळजी. निर्जीव लोखंडाच्या उगमाची नोंद एवढ्या निगुतीने ठेवता येते, तर माणसाच्या उगमाची नोंद ठेवणे आणि ती त्याच्या हाती देणे अवघड का व्हावे?

अवघडपणाचे पहिले कारण नोंदवहीत नसून मनात आहे. मूल जन्मदात्यांविषयी विचारू लागले की, वाढवणाऱ्यांना वाटते, आपल्या मायेत काही कमी पडले. नातेवाईक तर स्पष्टच बोलतात, ‘एवढे केले, तरी हिला तेच हवे.’ शोध म्हणजे कृतघ्नपणा, असे एक समीकरण तयार होते. ते किती चुकीचे आहे, हे पाहण्यासाठी पुन्हा कर्णाकडेच वळावे लागते.

छत्तीसगडच्या मातीत महाभारत पंडवानीच्या रूपाने जिवंत राहिले आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ मध्ये जन्मलेल्या तीजनबाईंनी हातात तंबुरा घेऊन, उभ्याने गात आणि अभिनय करीत ही कथा देशोदेशी नेली. भिलाईच्या पोलाद कारखान्यातही त्यांनी नोकरी केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. मराठी वाचकाला कर्ण भेटला तो ‘मृत्युंजय’, ‘राधेय’ या कादंबऱ्यांतून, शिरवाडकरांच्या ‘कौंतेय’ नाटकातून आणि इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधून. यांतील दोन नावे बोलकी आहेत. राधेचा तो राधेय, कुंतीचा तो कौंतेय. एकाच माणसाची ही दोन्ही नावे खरी आहेत आणि त्यांतील एकाने दुसरे खोडले जात नाही.

उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला रथात घेऊन एकांतात त्याचा जन्म त्याच्यापुढे मांडतो. तू पांडवांचा थोरला भाऊ आहेस, राज्य तुझे आहे, असे सांगतो. कर्ण आपला जन्म नाकारीत नाही. मात्र तो सांगतो की, राधेने मायेने त्याला दूध पाजले, त्याचे मलमूत्र काढले. अधिरथाने त्याचे संस्कार केले, वसुषेण हे नाव ठेवले. हे नाते साऱ्या पृथ्वीच्या राज्यासाठीही तोडता येणार नाही. त्याआधी, रंगभूमीवर अंगराज म्हणून अभिषेक झाला तेव्हाही, काठी टेकत आलेल्या अधिरथापुढे त्याने सर्वांदेखत, अभिषेकाच्या पाण्याने ओले झालेले मस्तक वाकवले होते. जन्म कळल्याने वाढवणारे परके होतात, ही भीती कर्णाच्या कथेत तरी कोठेच खरी ठरत नाही.

मग त्याच्या वाट्याला आलेले दुःख कोणते? सूताच्या घरी वाढला, हे त्याचे दुःख नव्हे. त्याची माहिती इतरांच्या हाती राहिली आणि त्यांना गरज पडली तेव्हाच बाहेर काढली गेली, हे त्याचे दुःख. भर सभेत कूळ विचारले गेले, तेव्हा कुंती समोर असूनही गप्प राहिली. युद्ध दाराशी आल्यावर मात्र ती गंगेच्या काठी त्याला भेटायला आली. त्या भेटीतही तिला त्याच्याकडून काही हवेच होते. युद्ध संपल्यावर, मृतांना तिलांजली देताना, तिने हे धर्मराजाला सांगितले. तोवर भावाच्या हातून भाऊ मारला गेला होता. जन्माची माहिती एखाद्याला कोणाच्या सोयीने मिळणे आणि स्वतःच्या हक्काने मिळणे, यांत केवढे अंतर आहे, हे याहून स्पष्टपणे कोणत्या कथेने सांगितले असेल?

गुप्तता ही दत्तकाची जुनी रीत आहे, असाही एक समज आढळतो. इतिहास वेगळेच सांगतो. जुना दत्तकविधी गुपचूप होत नसे; तो नातेवाइकांच्या आणि ग्रामस्थांच्या साक्षीने होई. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. या दोघांचे जन्मघर कोणते, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते आणि त्यामुळे त्यांच्या मोठेपणाला कसला उणेपणा आला नाही. धर्मशास्त्रात तर ‘द्व्यामुष्यायण’ असा एक प्रकार आहे. जन्मदाता आणि दत्तक घेणारा या दोघांचाही पुत्र, असा त्याचा अर्थ.

स्वतंत्र भारताच्या कायद्यातही या जुन्या जाणिवेची एक खूण राहिली आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले नाते तुटते आणि ते सर्वार्थाने नव्या घराचे होते. पण याच कायद्याच्या बाराव्या कलमात एक अपवाद आहे. जन्मकुटुंबात राहिले असते तर ज्या व्यक्तीशी त्याचा विवाह होऊ शकला नसता, तिच्याशी दत्तक गेल्यानंतरही होऊ शकत नाही. म्हणजे रक्ताचे नाते कायदाही विसरत नाही. ज्याला आपल्या जन्मकुटुंबाचे नावही माहीत नाही, त्याने हा नियम पाळावा तरी कसा, याचे उत्तर मात्र ते कलम देत नाही.

मग गुप्तता आली कोठून? ती एका वेगळ्या आणि करुण वाटेने आली. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवांना पुनर्विवाहाची मुभा नव्हती. त्यांच्यातील एखादी गरोदर राहिली, तर भ्रूणहत्या, आत्महत्या किंवा तुरुंग याखेरीज तिच्यापुढे मार्ग नसे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. स्त्रीने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवून जायचे तर ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८७५ मध्ये पंढरपुरातही असाच बालकाश्रम सुरू झाला आणि पुढे प्रार्थनासमाजाने तो चालवला. त्या काळी नाव न विचारणे ही दया होती. त्या एका मौनावर दोन जीव वाचत होते. आज गुप्ततेविरुद्ध बोलताना तिचे हे ऋण विसरून चालणार नाही.

तथापि फुले दांपत्याच्याच घरात याच्या पुढचे पाऊलही दिसते. काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी १८७४ मध्ये जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस नेमले. यशवंताच्या जन्मदात्या आईचे नाव आजही इतिहासात आहे. लपवण्यासारखे त्यात काही नाही, असे त्या घराने मानले, म्हणून ते राहिले.

विसाव्या शतकात दत्तकाचे स्वरूप बदलले. नात्यातील मुलाऐवजी संस्थेतील अनोळखी मूल घरी येऊ लागले आणि त्यांतील काही मुले परदेशीही जाऊ लागली. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. तीच याचिका मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. मूल सज्ञान झाल्यावर त्याला जन्मदात्यांविषयी जाणून घ्यायचे असेल, तर ती माहिती देण्यास मोठी हरकत नसावी, असे त्या निकालात म्हटले होते. मात्र द्यायची की नाही, हे दत्तक पालकांच्या इच्छेवर सोडले होते. दार किलकिले झाले, पण कडी दुसऱ्याच्याच हाती राहिली.

पुढच्या काळात जगाचा विचार या दिशेने पुढे सरकला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने शक्य तेथवर आपले आईवडील कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क सांगितला आणि त्याची ओळख जपण्याची जबाबदारी शासनावर टाकली. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार १९९३ चा. भारताने त्याला २००३ मध्ये मान्यता दिली. मुलाच्या जन्माची, आईवडिलांची आणि प्रकृतीची माहिती जपून ठेवावी आणि देशाच्या कायद्यानुसार, योग्य मार्गदर्शनाखाली ती मुलाला मिळू द्यावी, असे हा करार सांगतो.

भारतात याला नेमके रूप मिळाले ते २०१७ च्या दत्तक नियमावलीत. तिच्यात ‘मूळ शोध’ अशी स्वतंत्र तरतूद आली. २०२२ मध्ये नवी नियमावली आली, तिच्यातही ही तरतूद राहिली आहे. दत्तक गेलेल्या व्यक्तीने विचारणा केली, तर संबंधित संस्थेने आणि अधिकाऱ्यांनी तिला शोधात साहाय्य करावे, असा २०१७ चा नियम होता. वय अठराच्या आत असेल, तर मुलाने दत्तक पालकांसह अर्ज करायचा. सज्ञान झाल्यावर एकट्याने केला तरी चालतो. मूल सोपवताना जन्मदात्या आईने किंवा वडिलांनी आपले नाव कळू नये अशी खास विनंती केली असेल, तर आधी त्यांची संमती घ्यायची. त्यांनी नकार दिला किंवा त्यांचा पत्ता लागला नाही, तरी अर्जदाराला रिकाम्या हाती परत पाठवायचे नाही. कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत त्याला सोपवले गेले, एवढे तरी त्याला सांगायचे. आणखी एक नियम असा की, हा शोध तिऱ्हाईताला करता येत नाही आणि कोणाचीही माहिती जाहीर करता येत नाही. म्हणीतला जो भेद समाजाच्या हातून निसटला होता, तो नियमाने बरोबर पकडला. काठावरच्यांनी विचारायचे नाही. नदीने विचारले तर उत्तर द्यायचे.

याच नियमाचा शेवटचा भाग जन्मदात्यांविषयी आहे : मुलाच्या हक्काने त्यांच्या खासगीपणाचा भंग होता कामा नये. येथे प्रश्नाची खरी गाठ आहे. भिलाईतल्या त्या कल्पित मुलीचा अर्ज एखाद्या दूरच्या गावी पोचतो, तेथे आज एक प्रौढ स्त्री नांदत असते. तिचा संसार असतो, मुले मोठी झालेली असतात. वीस वर्षांपूर्वी, कदाचित मुलगीच असताना, तिने काय सोसले, हे त्या घरात कोणालाही ठाऊक नसते. दारात आलेले एखादे पत्र तिचे उरलेले आयुष्य उद्ध्वस्त करू शकते. ज्या समाजाने पुरुषाला काहीच विचारले नाही आणि तिला मात्र जन्मभर धाकात ठेवले, त्याच समाजाने तिच्या मौनाला दोष देण्यात न्याय नाही. कुंतीवर रागावणे सोपे आहे. कुमारी कुंतीच्या जागी उभे राहणे अवघड आहे.

म्हणून हा हक्क वापरताना पत्राऐवजी माणूस जावा लागतो, आणि तोही जाणता. समाजसेविकेने एकांत पाहून त्या स्त्रीला भेटायचे, तिचे ऐकून घ्यायचे, ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक द्यायची. ती हो म्हणाली, तर भेट होईल. नाही म्हणाली, तर नाव कळणार नाही. परंतु ‘आई सतरा वर्षांची होती, घरी कोणाला सांगू शकली नाही, मूल देताना फार रडली’ एवढे जरी कळले, तरी कोणी टाकून दिले या एका शब्दाच्या जागी एक माणूस उभे राहते. मूल बेवारस सापडलेले असेल, तर कागदात आईचे नाव नसतेच. ते कोठे, कधी, कोणाला सापडले, अंगावर काय होते, एवढाच मजकूर असतो. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला तेवढाही मोलाचा असतो.

इतर देशांनी ही गाठ निरनिराळ्या रीतींनी सोडवली. स्कॉटलंडमध्ये १९३० पासूनच मोठ्या झालेल्या दत्तकाला आपला मूळ जन्मदाखला पाहता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो हक्क १९७५ च्या कायद्याने आला. जुन्या काळी ‘नाव कळणार नाही’ असे आश्वासन मिळालेल्या मातांचा विचार करून, अशा अर्जदारांना आधी समुपदेशकाला भेटण्याची अट घातली गेली. न्यूझीलंडने १९८५ मध्ये कायदा करताना नकार नोंदवण्याची सोय ठेवली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये मूळ दाखले खुले केले. फ्रान्समध्ये मात्र स्त्रीला नाव न सांगता बाळंत होण्याचा हक्क आजही आहे. तेथे २००२ मध्ये एक राष्ट्रीय मंडळ नेमले गेले. ते आईचा शोध घेऊन तिची संमती विचारते. अशा तरतुदी जेथे जेथे आहेत, तेथे ‘फक्त आई’ किंवा ‘फक्त मूल’ असा निवाडा केलेला नाही. दोघांच्या मध्ये विश्वासाचे कोणी तरी उभे केले आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जवळचा आहे. ऑस्ट्रेलियाची विख्यात क्रिकेटपटू लिसा स्थळेकर हिचा जन्म १९७९ मध्ये पुण्यात झाला आणि ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या संस्थेतून हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी तिला दत्तक घेतले. २०१३ मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ती होती. मोठी झाल्यावर ती त्या संस्थेत जाऊन आली. पुण्यातच १९७३ मध्ये जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना मात्र आपली कागदपत्रे मिळवण्यासाठी भारतातील न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडावे लागले. २०१० मध्ये त्यांना आईचा शोध लागला. खांडव्याचा सरू, म्हणजे शेरू, पाच वर्षांचा असताना १९८६ मध्ये बऱ्हाणपूरच्या स्थानकावरून गाडीत बसून हरवला. कोलकात्याहून तो ऑस्ट्रेलियात दत्तक गेला. त्याच्या कागदांत त्याचे गाव नव्हते. बालपणीच्या आठवणी आणि उपग्रहाने टिपलेली चित्रे यांच्या आधाराने त्याने ते शोधून काढले आणि २०१२ मध्ये तो आईला भेटला. त्याने वाढवणाऱ्या आईवडिलांना सोडले नाही. त्याला एक आई होती. आता दोन झाल्या.

प्रत्येकाला असे यश येत नाही आणि त्याचे कारण बहुधा एखाद्या कपाटात असते. १९७३ ते २००२ या काळात भारतातून २२७८ मुले स्वित्झर्लंडला गेली. त्यांतील झ्यूरिक आणि थुर्गाऊ या प्रांतांतील प्रकरणे तेथील संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांना एकाही प्रकरणात जन्मदात्यांचे संमतिपत्र आढळले नाही. त्यांचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हक्क कायद्यात लिहिला जातो, पण तो खरा होतो तो नोंदवहीत. संस्थेतल्या कारकुनाने त्या दिवशी तारीख नीट लिहिली का, आईचे म्हणणे तिच्याच शब्दांत टिपले का, तो कागद वाळवीपासून आणि पुरापासून वाचवला का, संस्था बंद पडताना दप्तर कोणाच्या हवाली केले, यावर कोणाच्या तरी आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून असते. जे मूल आज पाळण्यात आहे, ते आणखी वीस वर्षांनी हा कागद मागायला येणार आहे. त्याच्या वतीने आज कोणी बोलू शकत नाही. म्हणून तो कागद जपणे हे त्याच्यावर प्रेम करण्यापैकीच एक काम आहे.

एवढे सांगितल्यावरही एक गोष्ट उरते. जाणण्याचा हक्क म्हणजे जाणण्याची सक्ती नव्हे. कित्येक दत्तक मुलांना आयुष्यभर या शोधाची गरज वाटत नाही आणि त्यांच्यात काही उणे आहे असे समजण्याचे कारण नाही. कोणी अर्ज करील, कोणी अर्ज लिहून फाडून टाकील, कोणी स्वतःचे मूल मांडीवर आल्यावर पहिल्यांदा विचार करील. त्यांचा निर्णय त्यांचा. इतरांचे काम एवढेच की, त्यांनी दार ठोठावले तर ते उघडावे आणि आत त्यांचे दप्तर जागेवर असावे.

दुर्गजवळून शिवनाथ नदी वाहते. गडचिरोलीच्या सीमेवरील डोंगराळ रानात तिचा उगम होतो. पुढे ती महानदीला मिळते. तिच्या काठावर राहणाऱ्यांना तो उगम ठाऊक असला काय, नसला काय, तिचे पाणी तितकेच गोड लागते. ज्यांच्या शेतांतून ती गेली, ती शेते तिचीच आहेत. पण रानातला तो झराही तिचाच आहे. तो तिच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार काठावरच्या कोणालाही नाही.